काउंटरव्ह्यू

दहावी ब, तिसरा तास, कसबे डिग्रज.
फळ्यावर तारीख, तारखेखाली विषय:
शाळा नदीकाठावरून माळावर हलवावी.
हा व्ह्यू. काउंटरव्ह्यू तुम्ही लिहा. पाच मार्क.

भिंतीवर, दप्तरांच्या खुंट्यांच्या वर वीतभर,
पुराची रेघ.
दोनदा चुना मारला. ती परत वर येते,
धुतलेल्या सदऱ्यावर चहाचा डाग यावा तशी.

बावीस वर्षं मी शिकवलं ते असं:
पहिलं वाक्य छातीठोक, आय स्ट्राँगली बिलीव्ह.
मग फर्स्टली, सेकंडली,
शेवटी देअरफोर, आणि खाली पट्टीनं रेघ.
परीक्षकाला वेळ नसतो, मुलांनो.
त्याला तुमचं मत लांबून दिसलं पाहिजे,
एसटीच्या पाटीसारखं.

एकतीस वह्यांत शाळा जागची हलली नाही.
एकतीस वह्यांत नदीची शुद्ध हवा,
तीही एकाच गाइडमधून आलेली.

बत्तिसावी वही सन्मती मगदूमची,
डेअरीच्या जुन्या कॅलेंडरचं कव्हर.
त्यानं लिहिलं होतं,
शाळा हलवू नये असं मला वाटतं.
पण हलवा म्हणणारे भित्रे नाहीत.
माझी काकू गच्चीवर अडीच दिवस होती.
म्हैस खाली दावणीला होती.
दावं सोडायचं राहिलं.
काकू म्हणते, हलवा. तिचं चूक नाही, कदाचित.
तरीसुद्धा माळ पावणेचार किलोमीटर.
सायकल सगळ्यांकडे नाही.
नववीतल्या दोघी आत्ताच आठवड्यातून तीनदा येतात,
अंतर वाढलं तर घरचे म्हणतील, पुरे झालं.
पूर कधीतरी येतो, कदाचित.
रस्ता रोज असतो.

अकरा वेळा परहॅप्स.
मी अकरा गोल केले, लाल,
आणि समासात लिहिलं: ठाम राहा.
अडीच मार्क.

मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला.
"मॅडम, परहॅप्स चुकीचं हाय का?"
"चुकीचं नाही रे. कमकुवत आहे."
"पण मला खात्री न्हाई.
खात्री न्हाई ते खात्रीनं लिवलं, तर खोटं हुतंय न्हवं?"
मी काही बोलायच्या आत,
"आणि हे काकूला वाचून दाखवायचंय, मराठीत करून.
तिला पटलं पायजे."

परीक्षकाला नव्हे. काकूला.
जिची म्हैस गेली, तिला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर
मी रिकाम्या वर्गात ती वही मोठ्यानं वाचली,
वाक्य थांबवत, मराठीत करत,
समोर ती बाई बसल्यासारखी.
प्रत्येक परहॅप्सपाशी जागा होती,
तिनं "अरे पण" म्हणण्यापुरती.
माझ्या एकतीस वह्यांत तिला
तोंड उघडायलाही फट नव्हती.
(बस्तीतल्या पाठशाळेत तो स्यात् शिकला असेल,
हे मला फार उशिरा सुचलं.)

अडीचाचे चार केले.
एक कापला, म्हशीच्या स्पेलिंगात एक एफ कमी होता,
आणि मला अजून सगळंच सोडवत नव्हतं.

सोमवारी विचारलं, "काकू काय म्हणाली?"
"म्हणाली, हलवाच.
पण आदी त्या दोन पोरींच्या सायकलींचं बगा,
मग शाळा उचला."
म्हणजे पटलं की नाही?
तो खुंटीवरच्या रेघेकडे बघत राहिला.
"थोडं पटलंय, मॅडम.
पण तिचं ऐकून
आता मलाच हलवावी वाटाय लागलीया.
पुन्हा लिवू का?"

मी त्याला कोरा कागद दिला.
घंटा झाली होती, भूगोलाचे सर दारात उभे होते,
त्यांना म्हटलं,
दोन मिनिटं थांबाल का,
कदाचित पाच.